पहिल्या धप्प्याचा मान

(इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात, समर्थ चांदवडकर यांच्या चर्चापानावर)

नाशिक, १३ जुलै २००८

श्री. समर्थ चांदवडकर यांस,
स. न. वि. वि.

आपली माझी ओळख नाही आणि पहिल्याच पत्रात भांडायची मला सवय नाही, पण इलाज नाही. आपण माझ्या भावाला काढून टाकलंत.

गेल्या रविवारी मुबीनच्या सायबर कॅफेत बसून मी तुमच्या ज्ञानकोशात 'सोमनाथ पुंजाराम विधाते' हा लेख लिहिला. इथे कुणीही लिहू शकतो असं तुम्हीच पहिल्या पानावर म्हटलंय, म्हणून लिहिला. एकेक अक्षर शोधून टाइप करता करता मान आखडली. आज येऊन बघते तर लेख गायब, आणि माझ्या नावाच्या पानावर आपली चिठ्ठी: 'सदर व्यक्ती उल्लेखनीय नसल्याने लेख वगळला आहे. स्वतंत्र संदर्भ द्यावेत.'

सदर व्यक्ती माझा थोरला भाऊ आहे. आपल्या पानावर गाव बंगळूर लिहिलंय; तो उल्लेखनीय नाही हे आपण तिथे बसून कसं ठरवलंत? फुलारी गल्लीत येऊन कुणालाही विचारा. लहान पोरंसुद्धा, ज्यांनी त्याला पाहिलेलं नाही, ती त्याच्या उड्यांच्या गोष्टी सांगतात.

लेखात खोटं काहीच नव्हतं. त्याची उंची, डाव्या भुवईवरची खूण, चहात साखर जास्त लागते हे, आणि शेवटी 'कुणास आढळल्यास कळवावे'. तो पंधरा वर्षं घरी आलेला नाही. हे आणखी कुठे लिहायचं ते तरी सांगा.

फुलबाजार आटोपला की मी रविवारी दुपारी इथे येते. उत्तर दिलंत तर तेव्हा वाचीन.

कळावे,
प्रतिभा विधाते


बंगळूर, १५ जुलै २००८

प्रतिभाताई,
सादर नमस्कार.

ती चिठ्ठी तयार छापाची होती. नव्या लोकांचे रोज इतके लेख येतात की आम्ही प्रचालक, म्हणजे लेख तपासणारे स्वयंसेवक, एक बटण दाबून मोकळे होतो. तुमचा लेख मी शेवटपर्यंत वाचला नव्हता. आज वाचला. आधी वाचायला हवा होता, त्याबद्दल माफ करा. लेख मात्र परत आणता येणार नाही, आणि का ते नीट सांगणं माझं काम आहे.

'उल्लेखनीय' म्हणजे चांगला किंवा मोठा माणूस नव्हे. ज्यांचा त्या माणसाशी काही संबंध नाही अशा लोकांनी त्याच्याविषयी कुठेतरी छापून लिहिलं आहे का, एवढंच आम्ही बघतो. तसं नसेल तर लिहिलेलं खरं की खोटं हे मी इथे बसून कशावरून ओळखू? आज तुम्ही भावाविषयी खरं लिहाल, उद्या दुसरा कुणी शेजाऱ्याविषयी वाटेल ते लिहील. माझ्याही आजोबांवरचा लेख असाच उडाला होता. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

शिवाय हे चर्चापान जगात कुणालाही दिसतं. घरच्या गोष्टी इथे नकोत. खाली माझा ई-मेल देतो, तिथे लिहा. मूळचा मी चांदवडचा. इथे खोलीवर मराठी बोलणारं कुणी नाही, म्हणून तर ऑफिस सुटल्यावर हा उद्योग करतो. तुमचं भांडणसुद्धा घरचं वाटलं.

आपला,
समर्थ


(ई-मेल)

नाशिक, ३ ऑगस्ट २००८

समर्थराव,

आजोबांचं वाचून राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा आहे, तो सांगते.

तुम्ही चांदवडचे, तेव्हा रहाड म्हणजे काय ते समजावून सांगावं लागणार. जुन्या नाशकात काही गल्ल्यांच्या पोटात दगडी हौद आहेत. वर्षभर त्यांच्यावर लाकडं आणि माती, वरून सायकली, हातगाड्या, लग्नाच्या वराती. रंगपंचमी आली की उकरून रहाड उघडायची, पळसाची फुलं कढईत उकळून तिच्यात रंग भरायचा, पूजा करायची आणि उड्या मारायच्या. त्या उडीला आम्ही धप्पा म्हणतो. पहिला धप्पा मानाचा. आमच्या गल्लीत तो मान विधात्यांचा, कारण पेठच्या डोंगरातून फुलं आणायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे. दादा मिसरूड फुटल्यापासून तो धप्पा घ्यायचा. उंच ओट्यावरून सूर मारायचा तेव्हा बायका डोळे मिटून घ्यायच्या.

मग गल्लीतून टेंपो जायला लागले आणि रहाडीचं झाकण खचायला लागलं. एकदा रिक्षाचं चाक आत गेलं आणि रिक्षातल्या बाईचा पाय मोडला. गल्लीची बैठक बसली. बाबा वडीलधारे, त्यांनी रहाड बुजवून वर डांबर टाकायला होकार दिला. दादाला ते सहन झालं नाही. ९३ सालच्या रंगपंचमीला त्याने भर दुपारी पहार आणली आणि रस्ता फोडायला लागला. बाबांनी सगळ्या गल्लीसमोर त्याच्या मुस्काटात मारली. बावीस वर्षांचा मुलगा. त्याने पहार भिंतीला नीट टेकवून ठेवली आणि संध्याकाळच्या आत तो निघून गेला. पुढे इटारसीहून एक कार्ड आलं: 'मी बरा आहे. शोधू नका.' त्यानंतर काही नाही. बाबा २००१ मध्ये गेले. ते त्याला माहीत नाही.

घरात आता आई आणि मी. आईला मी सांगितलंय की कॉम्प्युटरमध्ये दादाचं नाव घातलंय. ती रोज विचारते, "त्यात त्याचं नाव हाय ना गं अजून?" मी हो म्हणते. उडवलंत हे तिला सांगायचं धैर्य मला नाही.

आता तुमचे संदर्भ. दोन जोडलेत, मुबीनने स्कॅन करून दिले. (मुबीन दादाचा शाळेतला मित्र. हा ज्ञानकोश त्यानेच मला दाखवला.) पहिला संदर्भ, ९४ साली पेपरात फोटोसह छापलेली 'हरवला आहे' ही जाहिरात. दुसरा, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र. 'आम्ही खाली सह्या करणार फुलारी गल्लीचे रहिवासी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की सोमनाथ पुंजाराम विधाते हे उल्लेखनीय आहेत.' अख्ख्या गल्लीच्या सह्या आहेत. भागीबाईंचा हात थरथरतो म्हणून त्यांचा अंगठा आहे. ज्यांचं आमच्याशी भांडण आहे त्यांनीही सही केली. आता तरी पटावं.

प्रतिभा


बंगळूर, ६ ऑगस्ट २००८

प्रतिभाताई,

प्रतिज्ञापत्राचा कागद मी प्रिंट काढून भिंतीवर लावला आहे. खोलीतले मित्र विचारतात की हे काय, त्यांना मी एकेक ओळ समजावून सांगतो. पण ताई, तो संदर्भ होत नाही.

गल्लीतले सगळे त्याच्या ओळखीचे, त्याच्या मायेचे. आपल्या माणसांची साक्ष कितीही खरी असली तरी आमच्या उपयोगाची नाही. जाहिरात छापील आहे, पण ती तुम्हीच दिलेली. पेपराने आपणहून काही शोधून लिहिलेलं नाही. मला माहीत आहे हे किती कोरडं वाटतं.

एक सुचवू का? दादांवर लेख होणार नाही, पण रहाडीवर होऊ शकेल. जुन्या वर्तमानपत्रांत, एखाद्या व्यायामशाळेच्या स्मरणिकेत, कुठेतरी तुमच्या रहाडीविषयी परक्या माणसाने लिहिलेलं असणार. वाचनालयात जाऊन बघा. सापडलं तर लेख मी स्वतः नीट लावून देईन आणि तो कुणी उडवणार नाही. संदर्भ नसेल तर मात्र तोही जाईल, आणि कदाचित मलाच काढावा लागेल.

समर्थ


नाशिक, ९ नोव्हेंबर २००८

समर्थराव,

तीन महिने लिहिलं नाही. आधी रागावले होते. मला भाऊ हवा होता आणि तुम्ही हौद देत होता. मग गणपती, दसरा, दिवाळी. झेंडूच्या दिवसांत आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते. मखमलाबादच्या मळ्यातून पहाटे माल आणायचा आणि दुपारपर्यंत माळा ओवत बसायचं. हाताला काम असलं की डोकं मोकळं असतं, तसं तुमचं म्हणणं डोक्यात घोळत राहिलं.

एक दिवस मुबीन बोलता बोलता म्हणाला, "ताई, आखातातून सुट्टीवर आलेली पोरं माझ्याकडे बसतात ना, त्यांना विचारलं मी. तिकडं करमत नाही तेव्हा काय बघता म्हणून. तर म्हणे आपली गल्ली टाइप करतो, काही येतं का बघतो." मी सुई खाली ठेवली. दादा स्वतःचं नाव कशाला शोधील? 'शोधू नका' असं लिहून गेलेला माणूस तो. पण फाल्गुन आला की रहाड तो शोधणार. जिथे असेल तिथे शोधणार. म्हणजे जिथे तो येणार तिथे मी नव्हतेच, भलत्याच दारात उभी होते. समर्थराव, रहाडीचा लेख झालाच पाहिजे आणि राहिलाच पाहिजे. माझ्यासाठी तोच एक रस्ता उरलाय.

लगेच वाचनालयात गेले. जुन्या फायलींची धूळ नाकात जाऊन शिंका आणि समोर 'शांतता राखा' ची पाटी. पण मिळालं. ८१ सालच्या रंगपंचमीची बातमी, चांगली अर्धा कॉलम, 'आमच्या वार्ताहराकडून'. आपली फुलारी गल्ली, रहाडीची लांबी-रुंदी, पळसाचा रंग, सगळं आहे. आणि शेवटचं वाक्य असं: 'पहिला धप्पा घेण्याचा मान येथील कानडे घराण्याकडे आहे.'

कानडे! कानड्यांना साधं पोहता येत नाही. तो वार्ताहर त्यांच्या ओट्यावर बसून चहा प्यायला असणार आणि त्यांनी ठोकून दिलं असणार. आता सांगा तुमचा कायदा. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या उड्या मारल्या ते ऐकीव, आणि एका चहाच्या कपावर छापलं ते खरं?

प्रतिभा


बंगळूर, १२ नोव्हेंबर २००८

प्रतिभाताई,

तुमची बातमी अगदी हवी तशी आहे. स्वतंत्र, छापील, जुनी. अभिनंदन.

कानड्यांचं तुम्ही म्हणता ते खरंच असेल. पण ज्ञानकोश 'खरं काय' हे ठरवत नाही, 'कुणी काय नोंदवलंय' एवढंच सांगतो. म्हणून 'मान विधात्यांचा' असं तुम्हाला लिहिता येणार नाही, कारण त्याला आधार तुमच्या आठवणीचा. पण कानड्यांचं वाक्य लिहिलंच पाहिजे असंही नाही. शंका असेल तर सोडून द्या. मानाविषयी काहीच लिहू नका, बाकीचा लेख उत्तम होईल. मला वाटतं तुमच्या मनालाही तेच बरं.

आईंना नमस्कार. इथे भाजीवाल्याकडे कांदा घेताना उगाच विचारतो, कुठला म्हणून. चांदवडचा म्हणाला तर एक किलो जास्त घेतो.

समर्थ


नाशिक, ३० नोव्हेंबर २००८

समर्थराव,

लेख टाकला, पाहिलाच असाल. 'फुलारी गल्लीतील रहाड'. संदर्भाचे कंस नीट बसत नव्हते, तुम्ही बसवलेत, आभारी आहे. कानड्यांचं वाक्य मी ठेवलंय. छापील आहे ना? मग राहू दे. उगाच नियमाच्या आड मी कशाला येऊ?

आईला मुबीनने पडद्यावर लेख दाखवला. तिला वाचता येत नाही. तिने काचेवर हात फिरवला आणि विचारलं, "सोमाचं नाव कुठंय यात?" मी म्हटलं, सगळ्यात आहे. इतकी वर्षं मी तिला काय काय सांगत आले, पण या वेळी खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.

आता वाट बघायची. त्याची सवय आहे.

प्रतिभा


बंगळूर, १७ मार्च २००९

प्रतिभाताई,

हे पत्र लिहायला जड जातंय, पण स्पष्ट लिहितो. परवा रंगपंचमीच्या दिवशी रहाडीच्या लेखात कुणीतरी खात्यात प्रवेश न करता, अनामिक राहून बदल केला. कानडे घराण्याचं वाक्य खोडलं आणि 'पहिला धप्पा विधाते घराण्याचा' असं घातलं. पुढे आणखी एक वाक्य जोडलं. संदर्भ काहीच नाही. मी ते उलटवलं आणि त्या अनामिक सदस्याच्या चर्चापानावर नेहमीची सूचना चिकटवली.

ताई, हे तुम्हीच केलंत ना? तुम्हाला किती लागलं असेल ते मला कळतं, विशेषतः त्या दिवशी. पण तुम्ही नियम इतका समजून घेतला होता. नाव लपवून बदल करणं तुम्हाला शोभत नाही. पुन्हा झालं तर मला लेखाला कुलूप लावावं लागेल.

समर्थ


नाशिक, १८ मार्च २००९

समर्थ,

मी नाही. रंगपंचमीला मी दिवसभर गाळ्यावर होते, फुलांना उसंत नव्हती. लेखात काहीतरी बदलल्याचं दिसलं म्हणून आज बुधवार असूनही मुबीनने निरोप पाठवून बोलावून घेतलं, तेव्हा तुमचं पत्र वाचलं. मुबीननेही केलेलं नाही. मी त्याला त्याच्या आईची शपथ घालून विचारलं.

लेखाचा 'इतिहास' कसा बघायचा ते तुम्हीच शिकवलं होतं. तो उघडला आणि तुम्ही काढलेलं दुसरं वाक्य वाचलं. तुम्हाला ते नुसतं बिनसंदर्भाचं दिसलं, तुमचा दोष नाही. ते असं आहे:

'धप्प्याआधी विधाते घरातील मुलगी पळसफुलांची ओंजळ रहाडीत टाकत असे. ही फुले बहुधा पाण्यात न पडता उडी घेणाऱ्याच्या डोक्यावर पडत.'

समर्थ, त्या घरात मुलगी एकच होती. मी मुद्दाम नेम धरून टाकायची. तो डोक्यावरची फुलं तशीच ठेवून उडी मारायचा. हे मी तुम्हाला कधी लिहिलं नाही, मुबीनलाही ठाऊक नाही, कारण तेव्हा सगळे ओट्याखाली गर्दीत असायचे. वर आम्ही दोघंच.

आता माझी लबाडी ऐका. कानड्यांचं वाक्य मी मुद्दाम ठेवलं होतं. गल्लीचं नाव बघून दादा वाचील आणि गप्प उठून जाईल, ही भीती होती. पण पहिला धप्पा कानड्यांचा असं वाचल्यावर त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाईल आणि हात शिवशिवतील, हे मला पक्कं माहीत होतं. बाबांची थप्पड तो गिळून गेला, पण हे गिळणं त्याला जमणार नाही.

बदल कुठून झाला? एवढंच सांगा. उत्तर येईपर्यंत मी कॅफेतच बसून आहे.

प्रतिभा


बंगळूर, १८ मार्च २००९

ताई,

त्या सदस्याच्या नावाच्या जागी कॉम्प्युटरचा जो आकडा (आयपी) दिसतो तो जबलपूरच्या बाजूचा आहे. गाव, घर, नाव यातलं काही त्यावरून कळत नाही, आणि मला त्याहून जास्त बघताही येत नाही. सायबर कॅफे असेल तर तो माणूस पुन्हा त्याच जागी बसेल याचीही खात्री नाही.

मी काय केलं ते माझ्या आता लक्षात येतंय. मी त्यांना पुसून टाकलं, आणि खाली छापील सूचना लावली. म्हणाल तर ती दोन्ही वाक्यं आत्ता परत घालतो. नियम गेला खड्ड्यात.

ते परत आले तर सर्वांत आधी त्यांच्या चर्चापानावरचा निरोप दिसेल, 'तुम्हाला नवीन संदेश आहे' अशी पट्टी वर येते. तिथे तुम्ही लिहा. माझ्या सूचनेच्या खाली जागा आहे.

समर्थ


(जबलपूरकडील अनामिक सदस्याच्या चर्चापानावर, समर्थ चांदवडकर यांच्या सूचनेखाली)

नाशिक, १९ मार्च २००९

अनामिक सदस्यास,
स. न. वि. वि.

आपण 'फुलारी गल्लीतील रहाड' या लेखात घातलेली दोन वाक्यं संदर्भाअभावी काढण्यात आली आहेत. काढणाऱ्यावर रागावू नये. तो चांगला मुलगा आहे आणि ती परत घालायला तयार होता. मीच नको म्हटलं.

आपण दुसरेच कुणी असाल तर हे पत्र इथेच सोडून द्या आणि मला माफ करा. चर्चापान साऱ्या जगाला दिसतं, घरचं इथे लिहू नये असं मला सांगितलंय. तरी लिहिते.

बाबा २००१ मध्ये गेले. शेवटच्या आजारात त्यांची खाट त्यांनी खिडकीशी लावून घेतली होती, रस्ता दिसावा म्हणून. कुणाची वाट बघताय असं विचारलं की म्हणायचे, हवा येते. तुझ्यावरचा राग त्यांच्यात कधीच उरला नव्हता, पण ते कसं सांगायचं हे त्यांना कळलं नाही. आई आहे. डोळ्याने कमी दिसतं, कानाने ठीक आहे. मी आहे तिथेच आहे. मला तुझी फार आठवण येते रे. रागाने येते, सणावाराला येते, काही कारण नसताना जास्त येते.

गल्लीत सगळे तुझीच बाजू सांगतील, पण गल्लीची साक्ष चालत नाही. स्टॅम्पपेपर चालत नाही, मी करून पाहिलंय. बहिणीचा शब्द तर मुळीच चालत नाही. तू फुलांचं जे लिहिलंस ते खरं आहे हे जगात दोनच माणसांना माहीत आहे आणि त्यातल्या एकीचं इथे कुणी ऐकून घेत नाही. तेव्हा कानड्यांचं वाक्य तसंच राहणार. तुला ते खपत नसेल, तर तुझ्याजवळ काय पुरावा आहे तो घेऊन घरी ये.

आणि नसेल पुरावा, तर नुसता ये.

प्रतिभा